मस्टरवरचं सहावं नाव

रिटायर झाल्यावर माणसाला एखादी तरी खोड लागते. कोणी पारावर बसून पत्ते कुटतो, कोणी सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसतो. मला इंग्रजी शब्दांचं मूळ शोधायची खोड लागली. सारी नोकरी मराठी शिकवण्यात गेली आणि आता सौंसरच्या घरी ओसरीवर जाडजूड डिक्शनरी मांडीवर घेऊन बसतो. बायको म्हणते, "हे काय नवीनच करून राहिले तुमी? मराठीनं पोट नाही भरलं का?" मी म्हणतो, मराठीनंच भरलं बाई, म्हणून तर इथं बसलो. ती माझं ऐकून घेत नाही, मी तिचं घेत नाही.

तर परवा मी 'मस्टर' हा शब्द काढला.

हा शब्द आमच्या घरी इंग्रजी म्हणून कधी आलाच नव्हता. माझा बाप मँगनीजच्या खाणीवर होता. सकाळी मुकादम मस्टर घ्यायचा. नाव पुकारलं की माणसानं "हाजिर" म्हणायचं आणि टोपली उचलायची. बापाला अक्षर येत नव्हतं, पण मस्टरवर त्याचं नाव कितव्या ओळीत आहे ते पाठ होतं. "मस्टर चुकलं" म्हणजे तो दिवस गेला. "मस्टरवरून नाव कापलं" म्हणजे माणूसच गेला. खाणीवरून कोणी येऊन असं काही बोलू लागलं की माझी माय हातातलं पीठ तसंच ठेवून दारात यायची आणि विचारायची, "कोनाचं?" मी मास्तर झालो तेव्हा शाळेच्या हजेरीच्या वहीलाही मस्टरच म्हणत राहिलो. आमचं राज्य हिंदीचं, म्हणून कव्हरावर हिंदीत 'उपस्थिति पंजी' छापलेलं असायचं, पण कव्हर वाचतो कोण?

आता डिक्शनरी सांगते की हा शब्द फौजेतला. त्याचं मूळ लॅटिनमध्ये, अर्थ 'दाखवणं'. तिथून तो फ्रेंचांकडे आणि फ्रेंचांकडून इंग्रजांकडे गेला. पलटण मैदानात उभी करायची, वरून सरकारी माणूस यायचा, यादीतलं एकेक नाव वाचायचा आणि मुंडकी मोजायचा. कशाला? तर कप्तान लबाड म्हणून. पुढं शोधलं तर आणखी सापडलं. शिपाई मेला तरी त्याचा पगार खाता यावा म्हणून काही कप्तान त्याचं नाव यादीतून कापतच नसत. तपासणीचा दिवस आला की बाजारातून एखादा रिकामटेकडा धरून आणायचा, फौजेचा डगला त्याच्या अंगावर चढवायचा आणि सांगायचं, अमक्याचं नाव आलं की तू ओरड. फ्रान्सात असा भाड्याचा माणूस पकडला गेला तर त्याचं नाक कापत, असंही वाचलं. कप्तानाचं काय कापत ते मात्र मला कुठे सापडलं नाही.

बायकोनं ठेवलेल्या चहावर साय आली. मी पुस्तक मिटलं. बाप्पा रे, म्हटलं, हे तर माझंच लिहून ठेवलं आहे. तो कप्तान मी आहे. ही गोष्ट मी आजवर बायकोलाही सांगितली नाही.

मोहगावच्या अलीकडे, संत्र्याच्या बागांमधल्या एका लहान गावात आमची दोन खोल्यांची मराठी शाळा होती. मी लागलो तेव्हा पोट्टे व्हरांड्यात बसवावे लागायचे, इतके होते. मग ते एकेक करून गेले. कोणी रस्त्यापलीकडच्या हिंदी शाळेत गेलं, कोणी पिवळ्या व्हॅनमध्ये बसून सौंसरच्या इंग्रजी शाळेत जाऊ लागलं. मायबाप रस्त्यात भेटले की खाली पाहून म्हणायचे, "मराठी तं घरीच येऊन जाते ना जी, गुरुजी." माझं डोकं सणकायचं. मी म्हणायचो, "भात बी घरीच शिजते, मंग पोट्टं शाळेत कायले जेवते?" ते हसायचे आणि निघून जायचे. माझा स्वतःचा नातू नागपूरला इंग्रजी शाळेत शिकतो. तेव्हा माझ्या रागाला किती किंमत द्यायची ते तुम्हीच ठरवा.

शेवटी पट उरला दहा. वरून तोंडी निरोप आला की दहाच्या खाली एक जरी गेला तर तुमची शाळा हिंदी शाळेत मिसळून टाकू. कागद नाही, काही नाही, नुसता निरोप. पण असले निरोप खरे ठरतात हे मी नोकरीत शिकलो होतो. तेव्हापासून मी रोज सकाळी पोट्टे मोजायचो. आपण शिकवतो आहोत की राखण करतो आहोत, हेच मला कळेनासं झालं होतं.

शाळेत स्वयंपाक करायला एक बाई होती, निळ्या झेंड्याच्या वस्तीतली. ती माझीच विद्यार्थिनी, याच शाळेत पाचवी शिकलेली. नवरा पांढुर्ण्याला जिनिंगमध्ये हमाली करायचा आणि आठवड्यातून एकदा घरी यायचा. त्यांना एकच पोरगी होती, माझ्याकडे तिसरीत. मस्टरवर तिचा नंबर सहावा. नाव घेतलं की "हजर" इतक्या जोरात ओरडायची की मी रोज दटावायचो, "बहिरा नाही मी!" आणि स्वयंपाकघरातून तिची माय हसायची. रोज तेच, रोज दटावणं, रोज हसणं. मला वाटतं त्या शाळेत तेवढंच एक शाळेसारखं उरलं होतं.

श्रावणात त्या पोरीला ताप आला. आधी सौंसरला नेलं, मग नागपूरला. चौथ्या दिवशी गेली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमचा सारा मुलूख पांढुर्ण्याला जातो. जांब नदीच्या अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, आणि मध्ये दोन्ही गावं एकमेकांवर दगडांचा पाऊस पाडतात, दरसालची रीतच ती. त्या दिवशी शाळेत चिटपाखरू नव्हतं. मी एकटाच खुर्चीत बसलो होतो आणि ती आली. पंधरा दिवसांत अर्धी झाली होती. हातात पोरीचा शाळेचा फ्रॉक होता, धुतलेला, घडी घातलेला.

"कोन्या पोरीले होईन तं द्या जी," ती म्हणाली.

मी फ्रॉक कपाटात ठेवला. मी म्हटलं, "उद्यापासून येशील का कामावर?"

"येईन. पन गुरुजी, तिचं नाव कापू नका जी."

मी मस्टर पुढं ओढलं.

"तुमी सकाळी नाव घेत जा. मी आतमंधी भाजी चिरत राहीन. तुमी नाव घेतलं की मले वाटन, हाये पोट्टी इथंच कुठी. बस, येवढंच करा."

"बरं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

दुसऱ्या दिवसापासून मी तिचं नाव घेऊ लागलो. पाच नावं झाली की सहावं. नाव घ्यायचं आणि थांबायचं. नऊ पोट्टे एकदम गप्प व्हायचे. पहिल्या दिवशी मला धास्ती होती की कोणी हसेल, कोणी म्हणेल "ते तं मेली गुरुजी". कोणी काही बोललं नाही. त्या वयाची पोट्टी आपल्यापेक्षा जास्त समजदार असतात. आतमधला सुरीचा आवाज थांबायचा. मग मी सातवं नाव घ्यायचो आणि सुरी पुन्हा सुरू व्हायची.

सुरुवातीला मी त्या नावापुढं 'ग' लिहीत होतो, गैरहजर. पण इतके दिवस गैरहजर असलेल्या मुलाचं नाव पटावर ठेवता येत नाही, कापावं लागतं. आणि कापलं की पट नऊ. तेव्हा एका सकाळी मी 'ग'च्या जागी 'ह' लिहिला. चांगला सरळ 'ह' आला. मनाशी म्हटलं, एका मायच्या जिवासाठी करून राहिलो मी हे. आणि तो विचार मला इतका गोड लागला की मी तो रोज करू लागलो. लाज वाटते सांगायला, पण त्या दिवसांत मी स्वतःला मोठा देवमाणूस समजत होतो.

तिला मस्टर दिसत नव्हतं. तिला फक्त ऐकू येत होतं.

थंडीत एका सकाळी फोन आला की उद्या साहेब येणार, शाळाशाळांत जाऊन पोरं मोजणार, नाव घेऊन उभं करणार. तेवढ्यात ती हात पुसत आली आणि म्हणाली, "गुरुजी, उद्या मले सौंसरले जा लागते. राशनकार्डाचा अंगठा हाये. भाजी मी आजच चिरून ठेवतो, मोठ्या पोरीयले सांगजा शिजवाले." मी म्हटलं, "जा, जा, काही काळजी करू नको." साहेब येणार हे तिला सांगितलं नाही. मनात म्हणालो, चला, देवच पावला. एका मेल्या पोरीची माय उद्या शाळेत नसणार म्हणून मी देवाचे आभार मानले. इतका मी खाली गेलो होतो.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी एका घरी गेलो. त्या घरची पोरगी व्हॅननं सौंसरच्या शाळेत जायची. तिचा बाप माझाच विद्यार्थी. मी सारं सांगितलं, फक्त नाव कोणाचं ते नाही सांगितलं. तो म्हणाला, "न्या जी गुरुजी, अर्ध्या दिवसाचीच तं गोष्ट हाये. तुमी सांगून राहिले, मी कायले नाही म्हनू?" या माणसानं मराठी शाळा सोडली होती, पण गुरुजीचा शब्द सोडला नव्हता. आमच्याकडं असंच आहे. शाळेला पोट्टं देणार नाहीत, गुरुजीला नाही म्हणणार नाहीत.

पोरगी सकाळी आली ती टाय आणि चौकटीच्या स्कर्टमध्ये. साहेब पाहता क्षणी विचारणार, ही कुठली? मी कपाट उघडलं. आत एकच फ्रॉक होता. एका मोठ्या मुलीला म्हटलं, "हिला आतल्या खोलीत नेऊन हा घालून दे." त्या मुलीनं फ्रॉक ओळखला. ती माझ्याकडं पाहत उभी राहिली. मी खेकसलो, "ऐकू नाही आलं का?" ती गेली.

नव्या पोरीला सहाव्या जागेवर बसवलं आणि सांगितलं, "हे नाव आलं की हजर म्हणायचं." तिनं विचारलं, "यस सर नाही?" मी म्हटलं, "नाही. हजर." माझी नऊ पोट्टी खाली मान घालून बसली होती. त्यांच्या तोंडाकडं पाहायची माझी छाती झाली नाही.

साहेब अकराला आले. माणूस वाईट नव्हता. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले, मस्टर मागितलं आणि स्वतःच नावं वाचू लागले. पहिलं, दुसरं, तिसरं. तेवढ्यात आतून फोडणीचा वास आला. मोहरी तडतडली. मोठ्या पोरी तर सगळ्या माझ्यासमोर बसल्या होत्या. मग चुलीवर कोण?

ती परत आली होती. सौंसरच्या स्टँडवर तिला कोणीतरी म्हणालं की तुमच्या शाळेत आज साहेब येऊन राहिले. बाई अंगठा न देता तशीच ऑटोत बसली आणि मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरली. साहेबासमोर कच्चीपक्की भाजी वाढली गेली तर गुरुजीची फजिती होईल, म्हणून. हे मला नंतर पोरांकडून कळलं.

चौथं नाव झालं. पाचवं झालं. मला ओरडावंसं वाटलं की साहेब थांबा. नाही ओरडलो.

साहेबांनी सहावं नाव घेतलं. बारीक आवाजात उत्तर आलं, "हजर."

आतला आवाज थांबला. मग ती दारात आली. पदर खोचलेला, हातात पळी. आधी तिनं सहाव्या जागेकडं पाहिलं. मग तिला फ्रॉक दिसला. त्याच्या बाहीला उसवलेल्या जागी तिनं निळ्या दोऱ्यानं टाके घातले होते, घरात पांढरा दोरा नव्हता म्हणून. ते टाके तिनं पाहिले. मग माझ्याकडं पाहिलं.

ती लहानपणी माझ्याकडं दुसरीत असताना मी एकदा तिला चुकून मारलं होतं, खोडी दुसऱ्या पोरीनं केली होती. तेव्हा तिनं जसं पाहिलं होतं, तसंच आता पाहिलं. तिनं पळी फेकून मारली असती, साहेबासमोर माझी लाज काढली असती, तर आज मी बरा झोपलो असतो.

नावं संपली. साहेबांचं लक्ष तिच्याकडं गेलं.

"बाई, रोज़ कितने बच्चों का खाना बनाती हो?"

मी फरशीकडं पाहत होतो. माझी नोकरी, शाळा, माझं थोबाड, सगळं त्या बाईच्या जिभेवर होतं.

"दहाचं, साहेब."

"दसों रोज़ आते हैं?"

"हाव जी," ती म्हणाली. "रोज नाव घेते गुरुजी."

साहेबांनी सही केली, दोन घास खाल्ले, भाजीची तारीफ केली आणि गेले.

तिनं सगळ्यांना वाढलं. त्या नव्या पोरीसमोर आली तेव्हा क्षणभर थांबली. मग वाटीत वरण घालून म्हणाली, "सांडू नको वं माय फराकीवर." एवढंच. मी खोलीच्या कोपऱ्यात उभा होतो. मला तिथून जाताही येत नव्हतं.

पोट्टे घरी गेले, भांडी झाली, मग ती माझ्या टेबलाजवळ आली.

"गुरुजी, आता कापा जी नाव."

"अगं, ऐक माझं..."

"मले वाटे, तुमी माह्यासाठी ठेवलं."

"तुझ्यासाठीच ठेवलं होतं गं."

"मंग दुसरीले काऊन बोलवलं जी?" आवाज चढला नव्हता, ती खरंच विचारत होती. "तुमी नाव घेत होते, कोनी बोलत नव्हतं, तं मले वाटे, बाहेर खेळून राहिली असन, ऐकू नसन आलं तिले. आता तिच्या जागी दुसरी बोलली. आता काय वाटू देऊ मी?"

मी मास्तरासारखा शेवटचा डाव टाकला. म्हटलं, "पट नऊ होईल. शाळा बंद होईल. तुझं काम जाईल."

"जाऊ द्या," ती म्हणाली.

मी लाल पेन काढला. ती समोर उभी होती. मी सहाव्या ओळीवर रेघ मारली. तिनं ती रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहिली, नव्या पोरीनं काढून ठेवलेल्या फ्रॉकची घडी काखेत धरली आणि घरी गेली.

महिन्याच्या कागदावर मी नऊ लिहून पाठवलं. पुढं जे व्हायचं ते झालं. वर्ष संपता संपता शाळा रस्त्यापलीकडं मिसळली. तिथं त्यांची स्वयंपाकीण होती, त्यामुळं हिचं काम गेलं. ती आता कापूस वेचायला जाते, हंगामात संत्री तोडायला जाते. मी रिटायर झालो, मला शाल मिळाली, नारळ मिळाला. भाषणात कोणीतरी म्हणालं की गुरुजींनी शेवटपर्यंत शाळा टिकवली. मी खाली पाहत होतो आणि लोकांना वाटलं, विनय. शाळेच्या खोलीत आता कोणाचा तरी कापूस भरलेला असतो. गावात मराठी बोलणारं सगळं गाव आहे आणि मराठी वाचणारं पोरगं औषधाला नाही. यात काही सुधारेल असं मला वाटत नाही. वाटत असतं तर म्हटलं असतं.

शाळेच्या शेवटच्या दिवशीही मी मस्टर घेतलं. पोट्टे नेहमीसारखे ओळीत बसले होते. ती आत ताटं मोजून पोत्यात भरत होती, ताटं पलीकडच्या शाळेला द्यायची होती. मी पहिलं नाव घेतलं, दुसरं घेतलं. पाचवं झालं आणि माझी जीभ थांबली. सवयच ती. लाल रेघेवर बोट ठेवून मी तसाच बसून राहिलो. पोट्टे गप्प. आतला ताटांचा आवाजही थांबला.

मग आतून तिचा आवाज आला.

"पुढचं नाव घ्या जी, गुरुजी."

मी पुढचं नाव घेतलं.